आधी धू, मग उकळ

सुमे, बाळ घरी आल्यापासून जंतुनाशकांच्या बाटल्यांवर तू जो खर्च चालवला आहेस, त्याबद्दल जरा बोलू का? फरशीपासून पाळण्यापर्यंत सगळ्याला तुझ्याकडे एकच वास येतो. रागावू नकोस, पण हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात माझी निम्मी हयात गेली. वास आला म्हणजे जंतू मेले असं नसतं गं.

आमच्याकडे ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे येतात ना, तेव्हा पहिलं काम घासणं. सांध्यात वाळलेल्या रक्ताचा एवढासा कण राहिला, तरी त्याच्याआड जंतू बिनघोर बसतात, वाफ त्यांना नीट भिडतच नाही. म्हणून आधी बारीक ब्रशने खाचाखोचा घासायच्या, मगच पाकीट करून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचं. १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब आणि किमान १५ मिनिटं. पाकिटाच्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की नव्या मुली खूश होतात. त्या रेघा एवढंच सांगतात, की पाकीट तापलं. आतलं काही जगलं का, हे बघायला चिवट बीजाणूंची कुपी सोबत ठेवतात आणि नंतर ती उबवून बघतात. काही उगवलं नाही, तरच खरं.

बाळाच्या बाटलीलाही हाच क्रम. बुचाच्या आट्यांत दुधाचा साका राहतो, तो साबण आणि ब्रशने काढ. मग पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात 5 मिनिटं उकळ. उकळल्यावर फडक्याने पुसू मात्र नकोस, तशीच वाळू दे.

पण उकळीने सगळंच मरतं असंही नाही. तुझ्या आवडत्या फोडणीच्या भाताचंच घे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते भात शिजल्यावरही तग धरतात. भात रात्रभर ओट्यावर कोमट राहिला की ते रुजतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. सकाळी कढईत कितीही परतलास तरी ते विष जात नाही. तेव्हा उरलेला भात परातीत पसरून निववायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाकायचा. फ्रीज जंतूंना मारत नाही, नुसतं गारठवून ठेवतो, त्यामुळे तिथेही चार-चार दिवस भात साठवू नकोस. आईच्या लोणच्याचंही तेच. मीठ पाणी ओढून घेतं, तेल हवा अडवतं, जंतूंना वाढायला वावच उरत नाही. त्यात ओला चमचा गेला, की वर बुरशी आलीच म्हणून समज!

सॅनिटायझर घेशील तर साधारण ७० टक्के अल्कोहोलचं घे. शुद्ध अल्कोहोल जास्त जालीम असेल असं वाटतं, पण जंतूंची प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतं. शिवाय शुद्ध अल्कोहोल लगेच उडून जातं. आणि हात मळलेले असतील तर साबणच बरा. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. तेव्हा बाळाला उचलून घेणाऱ्या प्रत्येकाला आधी हात धुवायला सांग. सासरची मोठी माणसं असली तरी सांग. तुला संकोच वाटत असेल तर माझं नाव पुढे कर.

ब्लीचचं पाणी रोज ताजं कर, उन्हात आणि उष्णतेत त्याचा जोर कमी होतो. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर १ भाग ब्लीचला ४९ भाग पाणी. फरशी आधी साध्या पाण्याने पुसून घे, मग हे लाव आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओलं राहू दे. लावलं आणि लगेच पुसलं, तर सगळी मेहनत वाया.

आणि एक अगदी ठाम सांगते. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र ओतू नकोस. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. घरकाम करणाऱ्या मावशींनाही हे समजावून सांग, आणि त्या दोन बाटल्या आजच वेगवेगळ्या कपाटांत ठेव, बाळाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर.