भागीतल्या भाड्याच्या घराचा घसारा

अमेरिकेत भावाबरोबर किंवा मित्राबरोबर घर घेऊन भाड्यानं दिलं असेल, तर पहिलं रिटर्न भरण्याआधी हे वाचा. नुसतं भाडं घेणं आणि डागडुजी करणं एवढंच चालत असेल, तर सहसा वेगळं पार्टनरशिप रिटर्न लागत नाही. ज्यानं त्यानं आपला वाटा आपल्या शेड्यूल ई वर दाखवायचा.

घसारा इमारतीवर मिळतो, जमिनीवर नाही. समजा घर ४,१२,५०० डॉलरचं आणि त्यात जमीन ८२,५०० ची. उरलेले ३,३०,००० साडेसत्तावीस वर्षांत विभागले की वर्षाला १२,००० होतात. निम्म्या मालकाचे ६,०००.

घोटाळा होतो तो सॉफ्टवेअरमध्ये. एक तर पूर्ण आकडे भरून मालकी ५० टक्के सांगायची, नाहीतर स्वतःचे निम्मे आकडे भरून मालकी १०० टक्के ठेवायची. निम्मे आकडे भरून वर ५० टक्केही सांगितले, तर ६,००० चे ३,००० होतात आणि कुणी हटकत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये ही टक्केवारी भाड्याला लागते, घसाऱ्याला लागत नाही. मग पूर्ण १२,००० तुमच्या नावावर चढतात. म्हणून रिटर्न पाठवण्याआधी शेड्यूल ई ची १८वी ओळ उघडा आणि कागदावर काढलेल्या आकड्याशी ताडून पाहा. आमचा हा फार आग्रह आहे. पहिल्या वर्षी आकडा लहान दिसला तर घाबरू नका. जुलैत घर भाड्यासाठी तयार झालं, तर साडेपाच महिन्यांचाच घसारा धरतात, म्हणजे तुमच्या वाट्याला २,७५०.

‘यंदा घसारा नको’ असं मात्र करू नका. घर विकताना तो घेतलाच होता असं धरून नफा मोजतात आणि घसाऱ्यापुरत्या नफ्यावर २५ टक्क्यांपर्यंत संघीय कर लागतो. दोन किंवा जास्त वर्षं घसारा घ्यायचा राहून गेला असेल, तर फॉर्म ३११५ चा रस्ता आहे. त्यासाठी सीपीए गाठा.

पुण्यातला फ्लॅट भावासोबत निम्मा असेल आणि भाडं येत असेल, तर तुमचा वाटा अमेरिकेतल्या रिटर्नमध्येही दाखवावा लागतो. भारतात घसाऱ्याऐवजी ३० टक्के सरसकट वजावट मिळते, ती अमेरिकेत चालत नाही. भारतातल्या घराला, २०१८ पासून भाड्यानं दिलं असेल तर, ३० वर्षं धरायची. त्याआधीपासून असेल तर ४०. सॉफ्टवेअरला घर परदेशात आहे हे आवर्जून सांगा, नाहीतर ते साडेसत्तावीसच धरेल.