न थांबणारा गोठा

मनुष्य आपले व्यवहार काही काळ थांबवू शकतो. गोठ्याचे काम मात्र एक दिवसही थांबत नाही. जनावरांना वेळेवर वैरणपाणी लागते आणि दुभत्या गाईची धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते. दूध कासेतच तुंबले, तर कास सुजते आणि गाय आजारी पडते.

महाराष्ट्रातील गोपालकांना याचा कठीण अनुभव २०२० साली आला. करोनाची महासाथ पसरू नये म्हणून २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. रस्ते ओस पडले, आठवड्याचे बाजार बंद झाले. दुधाच्या वाहतुकीस मोकळीक होती. तरीही बरेचसे दूध विकले जाईना. याचे कारण काय? खेड्यातील दूध संकलन केंद्रावर जमा होऊन शहरात जाते. तेथे ते घरोघर जाते, तसेच चहाची दुकाने, उपाहारगृहे आणि मिठाईवालेही ते घेतात. ही दुकाने बंद होताच दूध शिल्लक राहू लागले, आणि त्याची झळ थेट गोठ्यापर्यंत पोहोचली.

अशा वेळी घरातील जाणती माणसे कामाला लागली. उरलेल्या दुधाला विरजण लागले, ताक घुसळले गेले, लोणी कढवून तूप झाले. कोठे चुलीवर कढई चढली. सुमारे ५ लिटर गाईचे दूध आटवले, की किलोभर खवा मिळतो. दूध लवकर नासते, तूप मात्र महिनोन्महिने टिकते. ज्या वस्तूला थांबता येत नव्हते, तिला थांबवून धरण्याची ही युक्ती होती.

शासनानेही हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर योजली. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. ते काढून टाकले की भुकटी उरते. दररोज १० लाख लिटरपर्यंत जादा दूध २५ रुपये लिटर दराने घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरले. तथापि हा आधार प्रत्येक गोठ्यापर्यंत पोहोचला नाही. जुलै महिन्यात रास्त भावासाठी दूध उत्पादकांना आंदोलन करावे लागले.

पुष्कळ घरांपुढे तेव्हा एक बिकट प्रश्न उभा होता : खर्च भागत नाही, तर गाय विकावी काय? पण गाय विकणे म्हणजे उद्याची मिळकत आजच संपवणे. म्हणून ज्यांना शक्य झाले, त्यांनी घरखर्चाला कात्री लावली. विकतची पेंड कमी करून कडबा आणि बांधावरचे गवत घातले. परंतु दावण रिकामी होऊ दिली नाही.

त्या दिवसांत शहरातील मुले घरात बसून होती, तरी त्यांच्या पेल्यात दूध येतच राहिले. त्या पेल्यामागे पहाटेच्या अंधारात, तोंडाला रुमाल बांधून धार काढणारे कोणीतरी होते.

प्रश्न
१. दुधाची वाहतूक चालू असूनही दूध शिल्लक का राहू लागले?
२. तूप आणि भुकटी करण्यामागील युक्ती एकच आहे, असे का म्हणता येते?