उगीच मान हलवू नकोस

सिल्लोड, रविवार

चि. माऊ हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा बसस्टँडवर तुझ्या रूममेटची आई भेटली. लेकीला डबा द्यायला संभाजीनगरला निघाली होती. तिनं सहज म्हणून सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तू म्हणे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत इंग्रजी शब्दांच्या याद्या उतरवत बसतेस आणि सकाळी उठून रडतेस. ‘नर्सिंग सोडते, सिल्लोडला येऊन बी.ए. करते’ असंही बोललीस म्हणे. हे एक वेळ मी समजून घेईन. पण बस लागता लागता ती जे बोलली ते डोक्यातून जात नाही. लसीकरणाच्या तासाला मॅडम ‘समजलं का?’ विचारतात तेव्हा सगळ्यांत आधी तुझी मान हलते, आणि तास सुटल्यावर तूच तिच्या लेकीला विचारतेस, ‘काय म्हणाल्या गं?’

माऊ, रडायचं तर रड. एखाद्या विषयात नापास झालीस तरी मी अण्णाला समजावीन. पण कळलं नसताना मान हलवलेली मला खपणार नाही. राग येईल तुला. येऊ दे.

वहिनी मला काही सांगत नाही. तिला वाटतं, मी लगेच अण्णाच्या कानावर घालीन. अण्णाचं तुला माहीतच आहे. मिरचीचा भाव पडला तर चकार शब्द काढत नाही, पण पोरीचं काही वावगं ऐकलं की रात्रभर ओसरीवर बसून राहतो. मी त्याला काही सांगितलेलं नाही.

तू म्हणशील, वर्गात मान हलवली तर कुणाचं काय बिघडलं? वर्गात काहीच बिघडत नाही, पण सवय वर्गातच लागते. उद्या वॉर्डात कुणीतरी घाईघाईत ‘पॉइंट झिरो फाइव्ह’ म्हणेल. नुकत्या जन्मलेल्या बाळाला बीसीजी ०.०५ मिली द्यायची असते आणि पुढं थोडं मोठं झाल्यावर पेंटा ०.५ मिली. मधला ‘झिरो’ ऐकू आला नाही आणि तू ‘हो सिस्टर’ म्हणालीस, तर त्या एवढ्याशा दंडात दहापट लस जाईल. तसंच ‘इंट्राडर्मल’, ‘सबक्युटेनियस’ आणि ‘इंट्रामस्क्युलर’चं. तू ते यादीत एकाखाली एक लिहून पाठ केले असशील. बीसीजी कातडीत, एमआर म्हणजे गोवर-रुबेलाची कातडीखाली, पेंटा मांडीच्या स्नायूत. सुई पहिल्यात जवळजवळ आडवी, दुसऱ्यात तिरकी, तिसऱ्यात सरळ उभी. हातात सिरिंज धरून तीनदा कोन करून बघ, मग ते शब्द विसरून दाखव मला.

यवतमाळची गोष्ट तुला आठवते का? तू तेव्हा शाळेत होतीस. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा दिवस. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं दवाखान्यात ठेवावी लागली, वाचली सगळी, देवाची कृपा. तिथं कुणाला इंग्रजी येत नव्हतं म्हणून तसं झालं, असं मी म्हणत नाही. मी तिथं नव्हते. पण त्या दिवशी मीही सिल्लोडात बूथवर होते आणि बातमी कळल्यावर माझे हात गार पडले. बाटली हातात घ्यायची, लेबल वाचायचं, शंका आली तर शेजारचीला विचारायचं, एवढंच तर काम असतं. त्यातलं विचारायचं एकदा सुटलं की बाकीचं सुटायला वेळ लागत नाही.

आता तुझ्या याद्यांबद्दल. ‘ॲडज्युव्हंट’ हा शब्द तू वीसदा लिहिलास, असं ती बाई सांगत होती. काय उपयोग झाला? मला तो शब्द एका फ्रिजनं शिकवला. प्राथमिक आरोग्य केंद्रात आमचा आयएलआर, म्हणजे लसींचा फ्रिज होता. लसी दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात आणि उन्हाइतका गारठ्याचा धोका बायांच्या लवकर ध्यानात येत नाही. एकदा थंडीत पेंटाच्या काही व्हायल तळाशी चिकटलेल्या निघाल्या. गोठल्या की नाही, काही कळेना. तेव्हा आमच्या सुपरवायझर बाईंनी शेक टेस्ट करून दाखवली. त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम बर्फ करून वितळवली. दुसरी संशयातली. दोन्ही एकत्र धरून हलवल्या, टेबलावर ठेवल्या आणि आम्ही सगळ्या खाली वाकून बघत बसलो. गोठवलेल्या व्हायलमध्ये पांढरे कण झरझर तळाशी बसले, वर पाणी नितळ झालं. संशयातलीही तशीच वागली. सगळ्या फेकल्या. बाई म्हणाल्या, ‘यात ॲल्युमिनियमचा क्षार असतो. लसीला जोर यावा म्हणून घालतात. गोठलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि लस वाया जाते.’ तो क्षार म्हणजे तुझा ॲडज्युव्हंट. मी तो शब्द कुठंच लिहून ठेवला नव्हता, पण झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन.

‘अटेन्युएटेड’चंही तेच. जंतू जिवंतच असतो, पण खोड मोडलेला. गोवराची लस, पोलिओचे थेंब, बीसीजी या सगळ्या तशा. म्हणून एमआर आणि बीसीजीची पूड एकदा डायल्युएंटमध्ये कालवली की चार तासांत वापरायची, उरलेली फेकायची, कितीही जीव तुटला तरी. आणि डायल्युएंट त्याच कंपनीचं, त्याच लसीबरोबर आलेलं. २०१४ मध्ये सीरियात गोवराच्या लसीत डायल्युएंटऐवजी भुलीच्या वेळी वापरतात ते स्नायू सैल करणारं औषध कालवलं गेलं आणि पंधराएक लेकरं गेली. ‘डायल्युएंट’ म्हणजे पातळ करणारं द्रव, असं पाठ करून तुला दहापैकी दहा मिळतील. पण ही गोष्ट माहीत असेल तर तो शब्द वाचताना तुझा हात थांबेल.

बघ, मी पुन्हा रागावायला लागले.

इंग्रजीशिवाय शहाणपण नसतं, हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? आपले आबा निजामाच्या राज्यात शाळेत गेले. सगळं शिक्षण उर्दूत. मरेपर्यंत सही उर्दूत करत, तू पाहिली आहेस की रेशनकार्डावर. आपलं सिल्लोड हैदराबाद संस्थानात होतं आणि त्याच संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. तिथं डॉक्टरकीसुद्धा उर्दूत शिकवत. पुस्तकं भाषांतरित करायला वेगळं खातं होतं, दारुल तर्जुमा नावाचं. त्या डॉक्टरांनी उर्दूत शिकून माणसं बरी केलीच ना? मग १९४८ आलं, पोलीस ॲक्शन झाली आणि आबा सोळाव्या वर्षी मराठी लिहायला बसले. त्यांना कुणी ‘ढ’ म्हटलं नाही. भाषा बदलली की माणसाला शिकावी लागते, इतकं साधं.

आणि तो हाफकिन. पोलिओच्या व्हायलवर त्याचं नाव मी वर्षानुवर्षं वाचत आले, कंपनीचं नाव समजून. हा माणूस ओडेसाचा. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम करून हिंदुस्थानात आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून त्यानं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. इंग्रजी काही त्याच्या आईची भाषा नव्हती. परळच्या संस्थेला आज त्याचं नाव आहे.

म्हणून इंग्रजी नको, असं मी म्हणत नाही. बाटलीवर इंग्रजी, केसपेपरवर इंग्रजी, परीक्षा इंग्रजीत. ते शिकायलाच हवं. ते किती महाग पडतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. एएनएम झाल्यावर मला जनरल नर्सिंगला जायचं होतं. आबांची ना नव्हती. अर्ज घरी आला होता, छापील, सगळा इंग्रजीत. कुठल्या रकान्यात कायमचा पत्ता आणि कुठल्या रकान्यात सध्याचा, इथंच माझं घोडं अडलं. गल्लीत पोस्टमास्तर राहत होते, शाळेत सर होते. कुणालाही विचारता आलं असतं. ‘नोकरी करते आणि एवढं येत नाही?’ असं कुणी म्हणेल या लाजेनं मी तो अर्ज पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या खाली ठेवून दिला. तारीख गेली. आई विचारायची, ‘भरला का गं?’ मी मान हलवायची. पुढं सगळ्यांना सांगितलं की लग्नाचं बघताहेत म्हणून राहून गेलं. स्थळ तर त्यानंतर कितीतरी दिवसांनी आलं. माझ्या यजमानांना, म्हणजे तुझ्या मामांना, अजून वाटतं की त्यांच्यामुळं माझं शिक्षण थांबलं. त्या भरपाईत बिचाऱ्यांनी उन्हातान्हात मोटरसायकलवरून मला अंधारी, घाटनांद्रा, शिवना सगळीकडं ड्युटीला सोडलं. आता तरी त्यांना सांगावं का, याचा विचार करते आहे.

माझी ती लाज कधी मोडली माहीत आहे? निवृत्तीच्या तोंडावर. १६ जानेवारी २०२१ ला कोविडचं लसीकरण सुरू झालं आणि पुढं गावकऱ्यांचीही पाळी आली. आमचा मेडिकल ऑफिसर माझ्या पोराच्या वयाचा. बैठकीत म्हणाला, कोविशिल्डची एफिकसी सत्तर टक्के आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. दुपारी एक शेतकरी मला म्हणतो, ‘सिस्टर, सत्तर टक्के म्हणजे शंभरातली तीस मरणार का?’ मला उत्तर देता येईना. संध्याकाळी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, ‘सर, मला हे कळलेलं नाही.’ पोरगा हसला नाही गं. त्यानं फळ्यावर दोन सारख्या टोळ्या काढल्या. एका टोळीला लस दिली, दुसरीला नाही. लस न दिलेल्या टोळीत शंभर जण आजारी पडले असतील, तर लस दिलेल्या टोळीत तीसच पडले. मरण्याचा आकडा नव्हेच तो, आजार किती घटला त्याचा आहे. त्याचं बोलून झाल्यावर माझ्या शेजारच्या तीन सिस्टर पुटपुटल्या, ‘बरं झालं विचारलं, आम्हालाही कळलं नव्हतं.’ दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्यानं लस घेतली, बायकोला घेऊन आला.

त्याच काळात बघ, अंगठा लावणाऱ्या म्हाताऱ्या मला सांगायच्या, ‘बाई, माझं सॅच्युरेशन ब्याण्णव आलं, घाटी दवाखान्यात न्या म्हणत्यात.’ स्वॅब, क्वारंटाइन, एचआरसीटीचा स्कोअर, सगळे शब्द तोंडात बसले. त्यांना कुणी यादी दिली नव्हती.

आणि जे तुला येतं ते तुझ्या वर्गातल्या कॉन्व्हेंटच्या मुलींना येत नाही, हेही ध्यानात ठेव. सोयगावकडची आजी नातवाला घेऊन येईल आणि म्हणेल, ‘बाई आल्यात अंगावर, औषध द्यायचं नाय, लिंबाचा पाला ठेवलाय.’ कुणाला ओ का ठो कळणार नाही. तुला कळेल की गोवर असावा, ताप किती दिवस आहे विचारायला हवं, अ जीवनसत्त्वाचा डोस लागेल, पोराला बाकीच्या मुलांपासून वेगळं ठेवायला हवं. ‘आयसोलेशन’ शब्द तुला त्यावेळी आठवला नाही तरी काम अडणार नाही. पण आजीचं बोलणं कळलं नसतं तर अडलं असतं.

तर आता असं कर. त्या याद्या गुंडाळून ठेव. वॉर्डात रोज एका बाटलीचं लेबल वहीत जसंच्या तसं उतरव. बॅच, एक्सपायरी, डोस, रूट, सगळं. रात्री मला फोन लाव आणि वाचून दाखव. जे तुलाही कळत नाही आणि मलाही कळत नाही, ते दुसऱ्या दिवशी मॅडमना विचार. मराठीत विचार. खेकसल्या तर खेकसू देत. मला हल्ली अकरा-बारापर्यंत झोप लागत नाही, तेव्हा माझी झोपमोड होईल म्हणून मागं राहू नकोस.

शनिवारी सुट्टी मिळाली तर ये. फुलंब्रीजवळ रस्त्याचं काही काम निघालं की बस रखडते, सकाळीच नीघ. ठेचा करून ठेवते, हॉस्टेलवरही बांधून देईन. रूममेटला रागावू नकोस, तिच्या आईनं भल्यासाठीच सांगितलं. पुढच्या वर्षीच्या फीचा घोर करू नकोस, माझ्या पेन्शनीतून बाजूला काढली आहे आणि तसं अण्णाला कळवलं आहे. कारण विचारलं नाही त्यानं, डोळे पुसले फक्त.

बी.ए. करायचंच असेल तर कर, मी आडवी येणार नाही. पण इंग्रजीच्या भीतीनं घरी येऊ नकोस. सोमवारी तासाला काही कळलं नाही तर हात तेवढा वर कर.

तुझी
आत्या