गदक्याची लढत आणि अंगावरचं चिलखत

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा आखाड्यात फरी-गदका, म्हणजे ढाल-काठीचा खेळ, खेळतो. चिनी तलवारीच्या लढती पाहून आता त्याला जाळीचा मुखवटा, जाड जॅकेट घालून खरीखुरी झुंज खेळायची आहे. परवानगी द्यावी का?
— एक पालक, महाल, नागपूर

उत्तर : द्या, पण साहित्य आधी स्वतः हातात घेऊन पाहा. तलवारबाजीचा मुखवटा मुख्यतः समोरून येणाऱ्या पात्यासाठी असतो. गदका वरून, तिरका येतो. डोक्याची मागची बाजू उघडीच राहते. तिथे जाड गादी हवीच. मला सर्वांत जास्त काळजी बोटांची वाटते. फरीमागचा हात झाकलेला असतो, गदका धरलेला नाही. चिनी सरळ तलवारीचा परजही लहानच, त्यामुळे तिथेही भक्कम हातमोजे लागतात. लोकरीचे चालणार नाहीत. बोटांच्या टोकांपर्यंत कडक कवच हवं.

आणखी एक गोष्ट. मार लागत नाही म्हटलं की मुलं फरी पुढे करायचीच विसरतात आणि दोघंही एकदम वार करतात. अशा वेळी गुण कुणालाच देऊ नका, असं वस्तादांना सांगा. नागपूरच्या मे महिन्यात हे जॅकेट चढवणं धोक्याचं आहे. उन्हाळ्यात पहाटेच खेळा, दर दोन मिनिटांनी मुखवटा काढून पाणी प्यायला लावा.