गणित ७५ टक्क्यांचं

शीर्षकात गणित दिसलं म्हणून लगेच पान उलटू नका. एम-थ्रीशी या लेखाचा काहीही संबंध नाही. शाळेतलं बीजगणित पुरेल.

डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर दर टर्मला एक कागद लागतो, ‘किमान ७५ टक्के हजेरी आवश्यक’. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे किमान आणि कमाल यांत माझा फर्स्ट इयरपर्यंत गोंधळ व्हायचा. किमान म्हणजे निदान इतकं तरी, म्हणून चिन्ह ≥. कमाल म्हणजे फार तर इतकंच, म्हणून ≤. शाब्दिक उदाहरणात निम्मी लढाई इथेच असते. अशा मांडणीला इनइक्वॅलिटी म्हणतात, मराठीत असमानता. रोजच्या व्यवहारात ती समीकरणापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण बरोब्बर ७५ टक्के कुणालाच नको असतात, ८० झाले म्हणून कोणतेही सर ओरडत नाहीत. (जाता जाता: बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डच्या पुस्तकात १५५७ साली आलं. लहान-मोठ्याची चिन्हं थॉमस हॅरियटच्या पुस्तकात १६३१ साली छापली गेली, तेही तो वारल्यावर दहा वर्षांनी.)

आता मागच्या टर्मची गोष्ट. रात्री एक वाजता माझ्या रूमपार्टनरने मला हलवून उठवलं. “अरे, एका विषयाची ४८ लेक्चर्स झाली, मी ३१ ला होतो. आता सलग किती बसू?” मी उत्साहात त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर मांडलं. पुढची क्ष लेक्चर्स तो एकही न चुकवता बसला, तर

(३१ + क्ष) / (४८ + क्ष) ≥ ३/४

छेद धन आहे, म्हणून तिरका गुणाकार बिनधास्त करता येतो.

१२४ + ४क्ष ≥ १४४ + ३क्ष
क्ष ≥ २०

“वीस,” मी म्हणालो आणि झोपलो. दुसऱ्या दिवसापासून हा पठ्ठ्या सकाळी आठच्या लेक्चरला पहिल्या बाकावर. अंघोळ नाही, पण हजर!

हेच उत्तर तोंडी पण काढता येतं. ७५ टक्के म्हणजे हजेऱ्या गैरहजेरीच्या निदान तिप्पट. थोडक्यात, एक बंक भरून काढायला तीन लेक्चर्स. त्याचे बंक १७, तिप्पट ५१, त्यातले ३१ झालेले, राहिले २०.

तर तो १६ लेक्चर्स बसला आणि टर्म संपली. त्या विषयाची लेक्चर्स एकूण ६४ च होती. ३१ आणि १६ मिळून ४७, पाहिजे होती ४८. एका लेक्चरसाठी गेला.

माझं गणित चुकलं नव्हतं. मी उदाहरण अर्धंच लिहिलं होतं. ‘क्ष ≥ २०’ च्या खाली आणखी एक ओळ हवी होती, क्ष ≤ १६, कारण उरलेली लेक्चर्सच तेवढी. निदान वीस आणि फार तर सोळा, असा आकडाच नाही. टीचिंग प्लॅन त्याच वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेला होता, मी फक्त शेवटचं पान उघडलं. मध्यंतरी त्याला टायफॉइड झाला होता. हॉस्पिटलचे कागद त्याच्या ट्रंकेत पडून होते आणि मेडिकल सर्टिफिकेट द्यायची शेवटची तारीख त्याच आठवड्यात होती. निदान विचार तरी झाला असता. पण वीस बसलं की काम झालं असं मी सांगितल्यावर तो कशाला जातोय ऑफिसात! टर्म ग्रँट झाली नाही. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

खरं तर हा हिशोब टर्मच्या पहिल्या दिवशीच करता येतो. एकूण ६४, बंक य मानले तर

६४ − य ≥ ४८
−य ≥ −१६
य ≤ १६

शेवटच्या ओळीत चिन्ह उलटलं, कारण दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणलं. ३ हे २ पेक्षा मोठे, पण −३ हे −२ पेक्षा लहान. चिन्ह उलटायचं विसरलात तर उत्तर येतं ‘निदान सोळा बंक सक्तीचे’. काहींनी हेच उत्तर काढलं असावं असा मला दाट संशय आहे. म्हणजे पार्टनरचा निकाल सतराव्या बंकलाच लागला होता. त्या दिवशी आम्ही दोघंही टपरीवर चहा पीत होतो.

अपूर्णांक आला की नेहमीसारखं जवळच्या आकड्याला जाऊ नका. लेक्चर्स ५० असतील तर हजेरी ≥ ३७.५, म्हणून ३८. बंक ≤ १२.५, म्हणून १२. किमान वर सरकतं, कमाल खाली. मेसचंही तसंच. समजा महिन्याचे ३६०० आणि सुट्या कूपनला ७० रुपये. ७०क्ष > ३६०० म्हणजे क्ष > ५१.४, तेव्हा ५२ जेवणांपासून महिना स्वस्त. दर शनिवार-रविवारी घरी पळणाऱ्यांनी कूपनच घ्यावं.

या टर्मला आमच्या कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलाय. प्रत्येक विषयाची एकूण लेक्चर्स, झालेले बंक आणि शिल्लक बंक. पार्टनर तेच विषय परत करतोय. कालपर्यंत त्याचे सगळे मिळून सहा बंक आहेत. माझे नऊ.