मेहनत आणि खुराक

कोल्हापूरच्या तालमींत दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. वस्तादांच्या नजरेखाली पैलवान प्रथम फावड्याने हौद्यातील तांबडी माती उकरून भुसभुशीत करतात. मग जोर, बैठका, सपाटे सुरू होतात. कोणी दोर चढतो, कोणी मुद्गल फिरवतो, तर कोणी जोडीदाराला खांद्यावर बसवून बैठका काढतो. अखेरीस मातीत उतरून लढती होतात. या सर्व कष्टांना तालमीच्या भाषेत एकच शब्द आहे : मेहनत. आणि मेहनतीनंतर जे खायचे-प्यायचे, तो खुराक. दूध, तूप, बदाम-खसखशीची थंडाई, फळे, ज्याला चालते त्याला अंडी आणि मटण. हे दोन शब्द तालमीत जोडीनेच उच्चारले जातात.

ही जोडी फुटली की काय होते, हे तालमीच्या आसपासच पाहायला मिळते. संसार, नोकरी किंवा दुखापत यांमुळे पैलवानाची कुस्ती सुटते, मेहनत थांबते. परंतु खाण्याची सवय सुटत नाही. चार-पाच वर्षांत छाती उतरते आणि पोट पुढे येते. लोक म्हणतात, ‘स्नायूंची चरबी झाली.’ हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. स्नायू आणि चरबी या दोन वेगळ्या ऊती आहेत. एकीचे दुसरीत रूपांतर होत नाही. काम न मिळाल्याने स्नायू रोडावतात, आणि वापरले न गेलेले अन्न चरबीच्या रूपाने साठत जाते. दोन्ही घटना एकाच वेळी घडतात, एवढेच.

स्नायू वाढतो तो अन्नाने नव्हे, तर त्याच्यावर पडलेल्या ताणाने. नेहमीपेक्षा अधिक भार पडला म्हणजे शरीर त्या स्नायूत नवी प्रथिने घालू लागते. अन्न हा त्या बांधकामाचा माल होय. काम निघालेच नाही, तर माल कितीही आणून टाकला तरी भिंत उभी राहणार नाही. शिवाय ताण वाढता असावा लागतो. दररोज पन्नास बैठका सहज निघू लागल्या की त्या पन्नासांनी दम टिकतो, मांडी फारशी वाढत नाही. जोडीदाराला खांद्यावर घेण्याची तालमीची रीत याच कारणाने शहाणपणाची आहे. घरी व्यायाम करणाऱ्याने पाठीवरच्या पिशवीत वीट किंवा वाळू भरावी आणि भार हळूहळू वाढवावा. प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्यातून दोनदा असे काम मिळाले, मध्ये विश्रांती मिळाली आणि रात्री सात-आठ तास झोप झाली, तर वाढ होते. दिवसभर पोती उचलणाऱ्या हमालाला हा हिशोब वेगळा लागू पडतो. त्याला अधिक व्यायामापेक्षा अधिक झोप हवी असते.

वजन आणि ताकद यांचा फरक कुस्तीगिरांना चांगला ठाऊक असतो, कारण त्यांची स्पर्धा वजनगटांत होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये 52 किलो गटात सहावे आले. चार वर्षांनी, 1952 साली, हेलसिंकीत त्यांनी 57 किलो गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अशा गटात अंगावरची किलोभर निरुपयोगी चरबी म्हणजे तेवढा स्नायू कमी. 2024 साली पॅरिसमध्ये त्याच 57 किलो गटात अमन सेहरावत याने कांस्यपदक मिळवले. लढतीपूर्वी सुमारे दहा तासांत त्याने जवळजवळ साडेचार किलो वजन उतरवले होते. ते वजन मुख्यतः पाण्याचे होते. इतक्या थोड्या वेळात तेवढी चरबी कोणाचीही जळत नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलेल्या अशा गोष्टीचे अनुकरण घरी करू नये. काट्यावरचा आकडा किती फसवा असतो, ते मात्र यावरून कळते.

आता माल किती लागतो ते पाहू. सामान्य प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दररोज 0.8 ग्रॅमच्या आसपास प्रथिने पुरतात. स्नायू वाढवणाऱ्याने 1.6 ग्रॅमपर्यंत घ्यावीत. म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसाला सुमारे 96 ग्रॅम. हा आकडा ऐकून पुष्कळांना महागड्या डब्यांची आठवण होते. प्रत्यक्षात ज्वारीच्या 300 ग्रॅम पिठाच्या भाकरींतून साधारण 30 ग्रॅम, 100 ग्रॅम डाळीतून 22, अर्धा लिटर गाईच्या दुधातून 16, दोन अंड्यांतून 12, 50 ग्रॅम फुटाण्यांतून 10 आणि मूठभर शेंगदाण्यांतून 7 ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज 97 होते. धान्यात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी असते ते धान्यात. म्हणून भाकरी-आमटी ही जोडी गरिबाची असली तरी कमी दर्जाची नाही. डब्यातील पावडर म्हणजे बहुधा दुधाच्या निवळीतून काढलेली प्रथिनेच. ती घेणे गैर नाही, पण तिच्यात जादूही नाही. झटपट शरीर कमावण्यासाठी दिली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने मात्र हृदय, यकृत आणि प्रजननक्षमता यांना घातक ठरतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आहारातील प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

चरबी वाढते ती अधिकच्या अधिकाने. एक ग्रॅम प्रथिनांतून किंवा पिठूळ पदार्थांतून 4 कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तुपातून 9. शंभर ग्रॅम तूप पचवायला पूर्वीच्या पैलवानाची पहाट होती. जो आठवड्यातून तीन दिवस तासभर व्यायाम करतो, त्याची तेवढी खपत नसते. स्नायू वाढवण्यासाठी नेहमीच्या आहाराहून दररोज 200 ते 300 कॅलरी अधिक पुरतात, म्हणजे एक भाकरी आणि एक पेला दूध. ज्याच्या अंगावर आधीच चरबी आहे आणि जो व्यायामाला नुकता लागला आहे, त्याला तेवढीही वाढ नको. प्रथिने पुरेशी घेतली तर त्याचे स्नायू वाढताना पोट उतरूही शकते.

स्नायूंची वाढ संथ असते. नवशिक्याला महिन्याला अर्धा ते एक किलो मिळाला तरी तो चांगला. म्हणून दर पंधरा दिवसांनी सकाळी, काही खाण्यापूर्वी, वजन करावे आणि शिंप्याकडे असते तशा फितीने कमर, दंड व मांडी मोजून वहीत लिहावी. दंड-मांडी भरते आहे आणि कमर जागच्या जागी आहे, तर खुराक बेताचा आहे असे समजावे. कमर भराभर वाढू लागली, तर तेल, तूप, साखर यांना कात्री लावावी. डाळ आणि दूध तसेच ठेवावे, आणि पिशवीत आणखी एक वीट घालावी.