झाकायच्या आधी बघ

घर बांधायला काढलंस, बरं झालं. इंजिनिअर आहे, ठेकेदार आहे, ते त्यांचं काम करतील. पण तुझ्या आजोबांनी, आमच्या अण्णांनी, साताऱ्यात उभा जन्म गवंडीकाम केलं, आणि त्यांच्या नातवाने नुसत्या भरवशावर घर बांधावं हे आत्याला पटत नाही. अण्णांचं म्हणणं एकच असायचं : जे पुढे झाकलं जाणार, ते आधी बघून घ्यायचं. रंग काय, कुणीही बघतो.

तुझ्या प्लॉटची माती काळी आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरची भिंत तडकते. खर्च वाढला तरी मुरूम लागेपर्यंत खणायला लाव. आखणीचा काटकोन दोरीने तपास : कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, तर तिरकं माप बरोबर पाच आलं पाहिजे. सिमेंटच्या गोणीवर ती कधी भरली ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपूर्वीची असेल तर उतरवूनच घेऊ नकोस. वाळू मुठीत चोळून बघ. हात मळला तर परत पाठव. विटा भिजवलेल्या हव्यात, नाहीतर त्या मालातलं पाणी शोषून घेतात. एका दिवसात भिंत पाच फुटांवर चढवू द्यायची नाही, गवंडी कितीही घाईत असला तरी.

अण्णा सगळ्यात जास्त चिडायचे ते पाण्यावरून. कालवताना कंजूष आणि नंतर उधळे, असं ते स्वतःलाच म्हणायचे. काँक्रीटला 50 किलोच्या गोणीमागे साधारण 25 लिटर पाणी, इंजिनिअर सांगेल ते नेमकं. मजूर जास्त ओततात, कारण पातळ माल पसरायला सोपा. पण त्यात ताकद जाते. घट्ट व्हायला लागलेला माल पुन्हा पाणी घालून सैल करताना दिसला, तर तो टाकून द्यायला सांग. स्लॅब टाकण्याआधी सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का ते वाकून बघ. खडीचे तुकडे सरकवलेले चालणार नाहीत. सळई उघडी राहिली की गंजते, फुगते, आणि काही वर्षांनी छताचे पोपडे गळायला लागतात. स्लॅब झाला की दुसऱ्या दिवशी बांध घालून वाफे करायचे आणि निदान दहा दिवस पाणी साठलेलं ठेवायचं. हे काम कुणालाच आवडत नाही, म्हणून अण्णा रविवारी आम्हा भावंडांना साइटवर न्यायचे. तुझा बाप स्लॅबपेक्षा आमच्यावरच जास्त पाणी मारायचा, आणि अण्णा बघून न बघितल्यासारखं करायचे.

सिमेंटने त्यांच्या हातांना भेगा पडायच्या. घरी आले की आधी हात धुवायचे, आई खोबरेल लावायची, मग नातवंडं मांडीवर. तूही त्यांतलाच. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी थापी ठेवली, पण सवय सुटली नाही. कुणाच्याही घरी गेले की बोटाच्या पेराने भिंत वाजवून बघायचे. बद्द आवाज आला की आतला गिलावा सुटला आहे हे त्यांना कळायचं. तुझ्या आईला बघायला गेलो तेव्हासुद्धा पोहे यायच्या आधी त्यांनी भिंत वाजवली. ‘भरीव आहे,’ म्हणाले, आणि लग्न ठरलं. तुझी आई हे अजून सांगते. तुझा गिलावा झाला की तूही वाजव, पण रंगाच्या आधी. गच्चीचा उतार मात्र वाजवून कळत नाही. पावसाची वाट न बघता बादलीभर पाणी ओतून बघ, दहा फुटांना सव्वा इंच उतार पुरतो.

मजुरांचा आठवडा शनिवारी दुपारीच दे, बाजार उठल्यावर नको. अण्णांकडे माणसं टिकली ती यामुळेच, कामाच्या दरामुळे नव्हे. आणि स्लॅबच्या दिवशीचं जेवण हॉटेलातून मागवू नकोस. माणसं किती ते आदल्या दिवशी कळव. मी आणि तुझी आई करू.